जागच्या जागी अपग्रेड

सोमवार, ३ फेब्रुवारी

आलो एकदाचे आपल्या घरात! कुरुळीत, दुसऱ्या मजल्यावर, एक बेडरूम, एक हॉल, आणि गॅलरीत उभं राहिलं की समोर कंपन्यांच्या पत्र्यांची लांबच लांब रांग. आईला व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं तर म्हणाली, झाडं कुठायत गं? म्हटलं, झाडं उदगीरला, नोकरी इथं.

लग्नाला वर्ष होऊन गेलं, पण संसार असा नव्हताच. मी वाकडला पीजीत, अर्धं आयुष्य हिंजवडीच्या कॅबमध्ये अडकलेली. धनेश इकडे चाकणला चार पोरांच्या खोलीत. माझी सुट्टी रविवारी, त्याची गुरुवारी, कारण इकडच्या कंपन्यांची सुट्टी गुरुवारची. नवरा-बायको कमी आणि शिफ्ट बदलणारे कामगार जास्त, अशी आमची गत होती. आता त्याच्याच कंपनीत मला कॉम्प्युटर विभागात नोकरी मिळाली. उद्यापासून एकाच स्कूटरवरून एकाच गेटात.

मालकीण रुक्मिणीबाई खालीच राहतात. त्यांची जमीन कंपन्यांत गेली आणि आता त्याच कंपन्यांची माणसं त्यांच्याकडे भाड्यानं राहतात. दूध उतू घालायला पातेलं त्यांनीच आणून दिलं. नवराबायकू एकाच कंपनीत म्हंजी भांडान बी तितंच करनार का, असंही विचारून घेतलं. धनेश लगेच त्यांना मावशी म्हणायला लागला. हा माणूस दगडालाही नातं लावेल.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पहिला दिवस. कंपनी गाड्यांच्या दारांची कुलपं जोडते. गेटवर सगळ्यांचे मोबाइल जमा करून घेतात, साहेबांचेसुद्धा. आत लाइन आहे, लाइनवर ओळीनं स्टेशनं, प्रत्येक स्टेशनला एक स्क्रीन. कामगार येतो, अंगठा लावतो, आणि कोणता स्क्रू कुठं बसवायचा ते स्क्रीन दाखवते. धनेश लाइनच्या अगदी टोकाला, तपासणीवर. मी गेले तेव्हा त्यानं असं तोंड केलं की जणू कोण ही बाई. घरी येऊन त्याला चांगला धुतला.

गंमत म्हणजे लाइनवरच्या एकाही कॉम्प्युटरला स्वतःची डिस्क नाही. सर्व्हरवर एकच इमेज आहे, म्हणजे संपूर्ण विंडोज, सगळी सॉफ्टवेअर, सगळं भरलेली एकच डिस्क. सकाळी मशीन चालू झाली की तीच एक इमेज नेटवर्कवरून सगळ्यांत उतरते. दिवसभरात कुणी काही बिघडवलं तरी ते तात्पुरतं. शिफ्ट संपली, मशीन बंद झाली, की पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी करकरीत. एक दुरुस्त केली की सगळ्या दुरुस्त. मला हा प्रकार फार आवडतो. माणसांचंही असं असतं तर सासू-सुनांची भांडणं रोज संध्याकाळी मिटली असती.

शनिवार, ८ फेब्रुवारी

इमेजचं काम आजवर सांभाळणारे उद्धवराव आज निवृत्त झाले. माणूस सज्जन, पण कामाची पद्धत बैलगाडीची. इमेज अपग्रेड करायची तर ते ती सर्व्हरवरून खाली उतरवायचे, स्टोअरच्या खोलीतल्या एका जुन्या पीसीच्या खऱ्या डिस्कवर घ्यायचे, त्या पीसीची नेटवर्कची वायर काढायचे, तिथं नवं सॉफ्टवेअर घालायचे आणि मग पुन्हा वर चढवायचे. पूर्ण दोन दिवस. आणि हे करायचं वर्षातून एकदाच, खंडेनवमीला! त्या दिवशी यंत्रांची पूजा असते, लाइन बंद असते, मशीनला कुणी हात लावत नाही म्हणून.

मी विचारलं, कारण काय? तर म्हणाले, मॅडम, मला माझ्या आधीच्यांनी असंच शिकवलं, कारण त्यांनाही माहीत नव्हतं. इमेज उघडी असताना तिच्याशेजारी माणूस नको, एवढंच. त्या जुन्या पीसीला हळदकुंकू वाहिलेलं होतं. मी हसू दाबलं.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

हेड ऑफिसचा हुकूम आला आहे की अपग्रेड आता दर तीन महिन्यांनी. दर तीन महिन्यांनी खंडेनवमी कुठून आणायची?

पण नव्या व्हर्जनमध्ये सोय आहे. इमेज खाली उतरवायची गरजच नाही. सर्व्हरवर असेल तिथंच, जागच्या जागी अपग्रेड करता येते. दोन दिवसांचं काम अर्ध्या तासात. प्लांटचे प्रमुख अर्जुनराव यांना दाखवलं तर गडी खूश. फक्त लाइन बंद ठेवायला तयार नाहीत. जेवणाच्या सुट्टीत उरका म्हणाले. मी म्हटलं, मग सगळ्यांनी अंगठा लावून आधी सिस्टममधून बाहेर पडायला पाहिजे. ते म्हणाले, छे, परत आत शिरताना सगळा गोंधळ होतो, राहू द्या सगळ्यांना आत. मी विचार केला, कोणाचं काय बिघडणार? राहू दिलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

झालं अपग्रेड! माणसं जेवण उरकून येईपर्यंत नवी इमेज तयार. कुणाला पत्ताही लागला नाही. अर्जुनरावांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. उद्धवरावांचा तो हळदकुंकवाचा पीसी भंगारात काढायला सांगितला.

संध्याकाळी मी धनेशला निगडीला नेऊन मिसळ खाऊ घातली. तो जाताना सारखं एकच पुराण लावून होता, की आज कँटीनच्या आमटीत मीठ नव्हतं, समुद्र होता. परत येताना प्राधिकरणातल्या रस्त्यांवर चालत चालत मुलांची नावं काय ठेवायची यावर आलो. मी म्हटलं आधी मूल तर येऊ दे. तो म्हणाला, मुलगी होईल आणि ती तुझ्यासारखी उद्धट असेल. फार बरं वाटलं आज. असे दिवस लिहून ठेवावेत.

बुधवार, १९ फेब्रुवारी

संध्याकाळी गेटवर भेटलो. धनेश म्हणाला, आज कँटीनच्या आमटीत मीठ नव्हतं, समुद्र होता. मी म्हटलं, कालचंच पुराण आज? तो म्हणाला, काल कुठलं, आजचंच सांगतोय. खरं तर आज कँटीनला पिठलं होतं, मीही तेच खाल्लं.

घरी आल्यावर मिसळीचा विषय काढला. त्याला आठवेना. मला वाटलं चेष्टा करतोय, मीही ताणलं. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा करताना त्याच्या नाकपुड्या फुगतात. फुगल्या नव्हत्या.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सुट्टी. धनेशला बरं नाही. सकाळी एक पायमोजा घातला आणि दुसरा हातात धरून पलंगाच्या कडेला बसला. हाक मारली तर हूं म्हणायचा. थोड्या वेळानं तेही बंद. अंग गार नाही, ताप नाही, डोळे उघडे. दुपारी मी पायमोजा काढून घेतला तरी बोटं तशीच.

संध्याकाळी भात भरवला. गिळला.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज कसाबसा स्कूटरवर बसवून कामावर नेला आणि लाइनवर जाताच टुणटुणीत झाला! जिवात जीव आला माझ्या. पण संध्याकाळी गेटवर जे बघितलं ते लिहिलं पाहिजे. शिफ्ट सुटली, माणसं आपापले मोबाइल घेऊन बाहेर आली, आणि सगळी जागच्या जागी उभी राहिली. मोबाइलवरची तारीख बघत. कुणी मोबाइल झटकत होता, कुणी शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये डोकावत होता. नवनाथ, धनेशचा जोडीदार, शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतो, तो मला म्हणाला, वहिनी, आज मंगळवार ना? अठरा तारीख ना?

आणि धनेश माझ्या शेजारी येऊन आमटीबद्दल बोलू लागला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

मला कळलंय. कळलंय पण पटत नाही.

सकाळी धनेशला रात्रीचं सगळं आठवतं. आम्ही बोललो, भांडलो, सगळं. स्कूटरवर गप्पा मारत जातो. मग तो लाइनवर जातो, अंगठा लावतो. आणि तिथून पुढे तो अठरा तारखेच्या दुपारचा धनेश असतो. रोज. सगळेच. मी त्या दुपारी इमेज उघडली तेव्हा ते सगळे आत होते.

मला अंगठा लावावा लागत नाही. मी सर्व्हरवर पासवर्डनं जाते. म्हणून मी तेवढी सुटले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दिवस गेलेत. सकाळी तपासलं, खात्री करायला दुपारी पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा दोन रेघा.

धनेशला घरी आल्यावर सांगितलं. तो आधी खुर्चीवर बसला, मग उठला, मग पुन्हा बसला. मग रडला. इतका आनंदी मी त्याला कधी बघितला नाही. माझ्या पोटावर हात ठेवून विचारतो, काही हलतं का गं? म्हटलं, येड्या, मोहरीएवढं आहे ते अजून. तरी हात काढेना. आईला फोन झाला, त्याच्या आईला फोन झाला, रुक्मिणीबाईंनी वरती येऊन साखर भरवली.

आज मला त्या इमेजची आठवणही नको आहे.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी स्कूटरवर मागे बसून तो माझ्या पोटाला हात लावून गाणं म्हणत होता. गेटवर उतरताना मी त्याला घट्ट धरून ठेवलं. लोक बघत होते. म्हटलं, नको जाऊ आज. तो म्हणाला, बाप होणार आहे, आता तर खाडा करून चालायचं नाही.

संध्याकाळी आमटी खारट होती.

मी पुन्हा सांगितलं. तो खुर्चीवर बसला, उठला, पुन्हा बसला. रडला. काही हलतं का गं?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

काल गुरुवार. गॅलरीतून बघितलं. समोरच्या बिल्डिंगच्या प्रत्येक गॅलरीत एकेक पुरुष उभा. कुणाच्या हातात टॉवेल, कुणाच्या हातात कप. कुणीही हलत नव्हतं. बायका त्यांच्यामधून ये-जा करत होत्या, कपडे वाळत घालत होत्या. रुक्मिणीबाई मीठमोहऱ्या घेऊन वरती आल्या, धनेशवरून उतरवल्या, म्हणाल्या, ही बाहीरची बाधा हाय पोरी, दवाखान्याची न्हाई. कंपनीच्या डॉक्टरांनी तर सगळ्यांना बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या दिल्यात.

म्हणून आज सकाळी शिफ्टच्या आधी मी जुनी इमेज परत लावली. उद्धवरावांनी बनवलेली, जिच्यात कुणीच नाही. मला वाटलं सगळं पहिल्यासारखं होईल.

माणसं आली, अंगठे लावले आणि नुसती उभी राहिली. स्क्रीन दाखवत होती, पण हातातलं हत्यार कसं धरायचं ते त्यांना कळेना. नवनाथच्या तोंडातून लाळ गळत होती. मी धनेशपुढे उभी राहिले, नावानं हाक मारली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ओळख नाही, भीती नाही, काहीच नाही. भिंतीकडे बघावं तसं.

अर्जुनराव ओरडत आले. मी धावत जाऊन नवी इमेज पुन्हा लावली. मग ते परत आले. अठरा तारखेवर.

आता ही माणसं स्वतःत उरलेलीच नाहीत. जी काय आहेत ती सर्व्हरवर आहेत. मी त्यांना उचलून तिथं ठेवलं. मी.

शनिवार, १ मार्च

उद्धवरावांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. उपायही विचारला. ते म्हणाले, मॅडम, मला कारण माहीत असतं तर मी सांगितलं नसतं का? कारण कळत नाही म्हणूनच तर नेम पाळायचा असतो. पुन्हा फोन करू नका म्हणाले.

तेच अपग्रेड पुन्हा चालवून बघितलं, म्हणजे निदान माणसं आजच्या तारखेला येतील. पण ते एकदा झालेलं असल्यामुळे पुन्हा काही लिहीतच नाही. पुढचं व्हर्जन मे महिन्यात.

सोमवार, ३ मार्च

नवनाथचे वडील गेले, गेवराईकडे, गेल्या आठवड्यात. त्याला क्रियाकर्माला जाताच आलं नाही, कंपनीपासून लांब गेला तर थिजून जातो. त्याची बायको नीलिमा आज माझ्याकडे येऊन बसली होती. ती त्याला रोज संध्याकाळी सांगते आणि तो रोज नव्यानं ऊर बडवतो. आता तिनं सांगणं बंद केलंय. काल तो आनंदानं वडिलांना फोन लावत बसला होता आणि ती स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून.

तिला माहीत नाही हे कुणी केलं. मी तिला चहा करून दिला.

मंगळवार, ४ मार्च

अर्जुनरावांना सगळं स्पष्ट सांगितलं. वेडी म्हणतील असं वाटलं होतं. तसं म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांना माहीत आहे, निदान अर्धं. शांतपणे म्हणाले, मॅडम, दहा वर्षांत पहिल्यांदा माणसं कुरकुर न करता काम करतायत. कालचा ओव्हरटाइम कुणाला आठवत नाही, त्यामुळे आजचा कुणाला जड जात नाही. पगारवाढीची बोलणी विसरली, युनियनची बैठक विसरली. तुम्ही इमेजला हात लावू नका. आणि तुमच्या मिस्टरांची नोकरी इथंच आहे हे लक्षात ठेवा.

हे लक्षात ठेवण्याची गरज मलाच, धनेशला कुठं राहणार आहे?

शुक्रवार, ७ मार्च

काल सुट्टी. आज मी त्याला पाठवलं नाही. ठरवलं होतं, काय व्हायचं ते होऊ दे, हळूहळू स्वतःच स्वतःत परत येईल. कालपासून तो पलंगावर. आज दुपारपासून पाणीही गिळेना. पापणी लवेना. डोळे कोरडे पडले, मी दुधाची बोटं फिरवली. मग श्वास. दोन श्वासांत एवढं अंतर की मी मोजणं सोडून दिलं.

रुक्मिणीबाईंच्या मुलाच्या टेम्पोतून नेला. वॉचमनच्या पाया पडले. लाइन ओव्हरटाइमवर चालू होती. मी माझ्या हातानं त्याचा अंगठा धरून मशीनवर दाबला.

तो म्हणाला, अगं, तू इकडे कशी? आज आमटी खाल्लीस का?



रविवार, ९ मार्च

आज त्याला सांगितलं नाही.

मग वाटलं, हा एवढाच तर आनंद आहे त्याचा. सांगितलं. मोबाइलवर व्हिडिओ काढला होता मागच्या आठवड्यात, तो दाखवला. त्यात तो रडतो आहे, हात पोटावर. त्यानं स्वतःला बघितलं. आणि घाबरला. म्हणाला, विजू, हा कोण आहे?

मला आता त्याच्या रडण्याची चीड येते. तो कधी रडायला सुरुवात करेल, कधी हात पुढे येईल हे मी ओळखून उभी असते. माझ्या पोटात मूल आहे आणि मला आनंद व्हायचा राहूनच गेला. पोर जन्मेल, रांगेल, बाबा म्हणेल, आणि हा रोज संध्याकाळी दारात येऊन विचारेल, हे कुणाचं मूल आहे?

मंगळवार, ११ मार्च

एक वाट आहे.

इमेज लिहिण्यासाठी उघडता येते. पण तेव्हा तिला एकच स्टेशन जोडता येतं, एकच. हा सॉफ्टवेअरचा नियमच आहे. सकाळी शिफ्टच्या आधी, बाकी लाइन बंद असताना, धनेशचं स्टेशन तेवढं जोडायचं. त्याला रात्रीचं सगळं आठवत असतं तेव्हा. त्यानं अंगठा लावला की इमेज त्याच्यात उतरायच्याऐवजी तो इमेजमध्ये चढेल. मग तो रोज निदान आजचा धनेश असेल. बाळाचं माहीत असलेला. रोजच्या रोज पुढे आणता येईल त्याला.

बाकीचे अठरावरच राहतील. नवनाथचं काय, हे मी स्वतःला विचारलं. एकालाच वाचवता येतं, तर मी माझ्याच माणसाला वाचवणार. नीलिमानंही हेच केलं असतं.

आज रात्री त्याला सगळं नीट सांगितलं. आमचं बोलणं झालं, मुलीचं नाव ठरलं. लिहीत नाही इथं.

बुधवार, १२ मार्च, सकाळ

झालं!

लाइनवर आम्ही दोघंच. इमेज उघडली. त्यानं अंगठा लावला. स्टेशन घुं करून थांबलं, त्याचे डोळे क्षणभर वरती गेले. मी इमेज बंद केली. विचारलं, कोण आहे मी? तो म्हणाला, माझ्या पोरीची आई. आणि तिचं नाव घेतलं!

आठवतंय त्याला. अंगठा लावूनही आठवतंय. मी त्याला मिठी मारली, कॅमेऱ्यासमोर, खड्ड्यात जाऊ दे कंपनी. आता बाकीची स्टेशनं चालू केली आहेत. माणसं येऊ लागलीत.

दुपार

जेवणाच्या सुट्टीत त्याला बघायला लाइनवर गेले. त्यानं लांबून माझ्याकडे बघितलं, मग पोटाकडे बघितलं आणि हसला.

त्याच्या शेजारच्यानंही. त्याच्या पलीकडच्यानंही.

पूर्ण लाइन माझ्या पोटाकडे बघून हसली.

सगळ्यांच्या नाकपुड्या —

नाही. सर्व्हर रूमला आतून कडी लावली आहे. एकच इमेज सगळ्यांत उतरते. हे तर मीच कौतुकानं — अठरा तारखेला सगळे आत होते म्हणून सगळे परत मिळायचे. आज आत एकटाच होता.

जुनी फाइल शोधते आहे, अठराची. नाही. मी तिच्यावरच लिहिलं. वेगळी प्रत न काढता. घाईत. जागच्या जागी.

मग ते आता कुठंच नाहीत. नवनाथ कुठंच नाही. एकही नाही.

अर्जुनराव बाहेरून सांगून गेले, आज एकही चूक नाही लाइनवर, शाबास.

संध्याकाळ

एकटीच घरी पळून आले. धनेशसाठी थांबले नाही.

नीलिमाचा फोन. नवनाथ घरात आला, तिला बघून दचकला. म्हणाला, माफ करा वहिनी, चुकून शिरलो. आणि गेला. कुठं गेला ते विचारते आहे. मी फोन ठेवला.

कंपनीच्या बस कुरुळीच्या कमानीपाशी थांबतात. आज सगळ्या बस तिथंच रिकाम्या झाल्या. गॅलरीतून बघितलं. निगडीचे, मोशीचे, भोसरीचे, सगळे उतरलेत. भांडण नाही, ढकलाढकली नाही. आनंदात आहेत. कुणी पेढे घेतलेत, कुणी डाळिंबं. वाटेनं येत येत एकमेकांना मिठ्या मारतात.

रुक्मिणीबाई खालून ओरडतायत, पोरी, ही समदी कोन? समदी मला मावशी म्हनत्यात गं —

कडी लावली आहे. कपाट दाराला लावलं नाही, जड उचलायचं नाही मला.

जिन्यावर पावलं. गडबड नाही. स्टेशनच्या क्रमानं ओळीत उभे राहिलेत. दाराच्या भोकातून दिसतं आहे. धनेश दिसत नाही. त्याचं स्टेशन शेवटचं. तो खाली असेल, रस्त्यावर, आपली पाळी येण्याची वाट बघत. हाका मारल्या गॅलरीतून. त्यानं वर बघितलं. सगळ्यांनीच वर बघितलं. त्यालाही काही वेगळं वाटत नाही. त्याच्या दृष्टीनं सगळे बरोबर आहेत.

मी ओरडले, हे तुझं मूल आहे, फक्त तुझं. तो हो म्हणाला. सगळे हो म्हणाले.

उद्या गुरुवार. सुट्टी. सगळे थिजतील. जिथं असतील तिथं थिजतील. इथं. माझ्या घरात. हात तसेच —

बंद करू का सर्व्हर? घरून करता येतो, लॅपटॉपवरून. एक बटण. मग सगळे संपतील. धनेशही. बटणावर बोट आहे. किती वेळ झाला.

दार ठोठावतायत. हळू. विजू, दार उघड गं. नवनाथचा आवाज, पण — तसाच हेल. तसंच लाडानं.

नाही होत माझ्यानं. धनेश आहे तो. प्रत्येकात माझा धनेश आहे, रडवेला, आनंदी. त्याला कसं मारू, इतक्या वेळा —

कडी सरकते आहे. बाहेरून पट्टी घातली आहे फटीत. तपासणीवरची, कुलपं चाचपायची. धनेशला येतं ते.

उघडलं.

नवनाथ. चपला नीट बाजूला काढल्या. डोळे भरलेले. मागे पुढचा, त्याच्या मागे — खुर्चीवर बसला. उठला. पुन्हा बसला. आता हात पुढे — म्हणतो आहे, काही हलतं का